सायकलचा महागडा पंप: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका तरुण डॉक्टरांनी मला विचारले आहे की, त्यांनी नुकतीच २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरची रोड बाईक घेतली असून रोज सकाळी रंकाळा तलावाला दोन फेऱ्या आणि रविवारी पन्हाळा असा त्यांचा क्रम आहे. दुकानदार त्यांना साडेआठ हजारांचा पंप घ्यायला सांगतो, तर वडिलांचे म्हणणे असे की माळ्यावर पडलेला लोखंडी पंप अजून हवा मारतो, तेव्हा पंपावर एवढे पैसे घालणे शुद्ध वेडेपणा आहे. महाग पंप खरोखर तेवढ्या किमतीचा असतो का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

डॉक्टर, सायकल दुरुस्तीत माझी सत्तावीस वर्षे गेली आणि त्याआधी चार वर्षे मी उद्यमनगरात लेथवर काम करत होतो, त्यामुळे पंपाकडे मी गिऱ्हाइकाच्या नजरेने कमी आणि फिटरच्या नजरेने अधिक पाहतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. साधारण अडीच ते साडेतीन हजारांपर्यंत आपण मोजलेला बहुतेक रुपया पंपाच्या कामाच्या भागात जातो; त्यापुढचा रुपया टिकाऊपणात थोडा, देखणेपणात बराच आणि नावात उरलेला असा वाटला जातो. मात्र किमतीच्या कोणत्याही पायरीवर एक प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे या पंपाचा वायसर, म्हणजे आत हवा अडवणारा भाग, आणि तोंडातले रबर पाच वर्षांनी कोल्हापुरात मिळेल का. आपल्या दुकानदाराने हा विषय काढला नसेल, असे मी धरून चालतो.

प्रथम पैशाने काय बदलत नाही ते पाहू. पंप म्हणजे एक नळकांडे आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या. दट्ट्या खाली दाबायला लागणारा जोर हा हवेचा दाब आणि नळकांड्याच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराएवढा असतो. ३२ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळकांड्यात १०० पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) शेवटचा दाब देताना दांड्यावर सुमारे ५६ किलोचा भार द्यावा लागतो, आणि तोच व्यास ३८ मिलिमीटर असेल तर हा भार ८० किलोच्या घरात जातो. पंप आठशेचा असो वा चाळीस हजारांचा, हा हिशेब कोणालाही चुकत नाही. चांगला पंप घर्षण कमी करील, पण क्षेत्रफळ कमी करणार नाही. म्हणूनच ‘हा पंप अगदी हलका चालतो’ असे कोणी म्हटले की मी आधी त्याचा व्यास विचारतो. हलका चालणारा पंप बहुधा बारीक असतो, आणि बारीक पंपाला फेऱ्या जास्त माराव्या लागतात.

आपल्या टायरचेच गणित मांडतो. २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण सव्वा लिटर जागा असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच असल्यामुळे इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा किंचित विरळ आहे, आणि त्या हवेने हे टायर ७५ पीएसआयपर्यंत भरायचे तर बाहेरची जवळजवळ सात लिटर हवा आत कोंबावी लागते. ३२ मिलिमीटर व्यासाचा आणि अर्धा मीटर चालीचा पंप एका फेरीत ४०० घनसेंटिमीटर हवा घेतो, म्हणजे हिशेबाने सतरा फेऱ्या. नळीतील आणि तळातील मृत जागा धरली तर वीसेक. या टोकाला ४२-४३ किलोचा भार लागतो, जो सामान्य वजनाचा माणूस केवळ दांड्यावर ओणवून देऊ शकतो. उलट २९ इंची, सव्वादोन इंच रुंदीच्या माउंटन बाईकच्या टायरला केवळ ३० पीएसआय हवे असते, पण त्यात पाच लिटरांहून अधिक जागा असल्याने याच पंपाने २९ फेऱ्या माराव्या लागतात, आणि ३८ मिलिमीटरच्या पंपाने वीस पुरतात. तेव्हा रोड बाईकला बारीक, माउंटन बाईकला जाड नळकांडे. डब्यावर ठळक छापलेले ‘१६० पीएसआय’ किंवा ‘२२० पीएसआय’ हे आकडे आपल्यासाठी निरुपयोगी आहेत, कारण २३ मिलिमीटरची टायर दगडासारखी कडक करून १२० वर पळवण्याचा काळ मागे पडला. आज २८ मिलिमीटरच्या टायरला सत्तर-पंचाहत्तर किलोच्या स्वाराने ७० ते ८० च्या दरम्यान हवा ठेवावी, आणि पावसाळ्यानंतर गगनबावड्याच्या रस्त्याला जायचे असेल तर त्यातूनही थोडी कमी करावी, असे मी सांगतो.

आता गेजकडे, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीकडे येतो, कारण माझ्या मते पंपातील खरा फरक इथे आहे आणि इथेच गिऱ्हाईक सर्वांत कमी पाहते. पंपाच्या गेजमध्ये एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. ही रचना फ्रान्समध्ये यूजेन बूर्दों याने १८४९ मध्ये पेटंट केली आणि आजही आपल्या पंपावर, साखर कारखान्याच्या बॉयलरवर आणि गॅस वेल्डरच्या सिलिंडरवर तीच आहे. या गेजची चूक नेहमी पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यांत मोजली जाते. समजा गेज १६० पर्यंतचे आहे आणि त्याची अचूकता तीन टक्के आहे, तर कोणत्याही आकड्याला ते सुमारे पाच पीएसआय इकडेतिकडे दाखवू शकते. आपल्या ७५ ला पाचची चूक फारशी जाणवत नाही. पण माउंटन बाईकवाला २५ भरतो तेव्हा पाच म्हणजे थेट पाचवा हिस्सा, आणि तेवढ्यात टायर रिमवर आपटायचे की रस्ता धरायचे हे ठरून जाते. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगतो की ज्या दाबाला आपण रोज हवा भरता, तो आकडा गेजच्या मधल्या भागात पडला पाहिजे. आपल्याला १६० पर्यंतचे गेज शोभते; २२० चे नको. ज्याच्याकडे माउंटन बाईक आहे त्याने महाग पंपाऐवजी साधा पंप आणि ६० पर्यंतचे वेगळे हातगेज घ्यावे, एकूण खर्च कमी आणि मोजमाप चांगले.

काही वर्षांपूर्वी गोकुळ शिरगावच्या एका परिचितांच्या कारखान्यात डेड वेट टेस्टर होता, म्हणजे मोजलेल्या वजनांनी ठरावीक दाब निर्माण करून गेज तपासण्याचे यंत्र. तिथे मी माझ्या दुकानातील आणि गिऱ्हाइकांकडून मागून आणलेले चार पंप नेले. सर्वांत स्वस्त पंपाचा काटा १०० वर असताना खरा दाब ९० च्या आत होता, हे मला अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते हे की, सर्वांत महाग पंप आणि त्याच्या निम्म्या किमतीचा पंप या दोघांत मला निवडण्यासारखा फरक दिसला नाही. शिवाय स्वस्त पंपाची चूकही दर वेळी तेवढीच आणि त्याच दिशेने येत होती. रोजच्या वापरात हे महत्त्वाचे आहे. एकच पंप वापरणारा माणूस ‘माझ्या पंपावर ८५ म्हणजे मला हवे तसे’ हे महिन्याभरात शिकतो आणि त्याचे काही अडत नाही. अडते ते दोन प्रसंगी: दुसऱ्याच्या पंपाने भरताना, आणि रिमला दाबाची मर्यादा असताना. आपली सायकल नवी आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून तपासा. रिमच्या कडेला आतून टायर अडकवणारा हुक नसेल, म्हणजे ती हुकलेस प्रकारची असेल, तर मानकांनुसार तिची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय आहे. टायरवर याहून मोठा आकडा छापलेला असला तरी रिमची मर्यादा पाळावी लागते, आणि अशा रिमला दहा पीएसआयने खोटे बोलणारे गेज चालत नाही.

गेजविषयी आणखी एक गैरसमज रोज दुकानात ऐकू येतो. पंप व्हॉल्व्हला लावला की काटा शून्यावर दिसतो, आणि लोक म्हणतात सगळी हवा गेली. प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आपल्या सायकलच्या त्या बारीक व्हॉल्व्हमध्ये, झडप आतील दाबाने बंद राहते. पंपाच्या नळीतील दाब ट्यूबमधील दाबाहून वाढेपर्यंत ती उघडत नाही, तोवर गेज केवळ नळी मोजत असते. काढताना येणारा ‘फुस्स’ आवाजही नळीतील हवेचा असतो, ट्यूबमधला नव्हे. शिवाय त्या व्हॉल्व्हची वरची छोटी नट सैल करून टोक एकदा बोटाने दाबून मोकळे करावे लागते. ते न करता पंप मारला की दांडा घट्ट लागतो आणि बिचाऱ्या पंपाला दोष येतो. महाग पंप ‘जड चालतो’ म्हणून परत आणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना मी एवढेच करून दाखवून घरी पाठवले आहे.

पंपाचे तोंड, ज्याला दुकानात हेड म्हणतात, हा पंपाचा सर्वांत लवकर मरणारा भाग. खटका दाबून बसवायचे हेड वेगाने लागते, पण त्यातील रबर दर वेळी चेपले जाते आणि वर्ष-दोन वर्षांत ढिले होते. पिळाचे हेड हवा अजिबात सोडत नाही, मात्र काढताना कधी कधी व्हॉल्व्हचा गाभाच सोबत पिळून बाहेर काढते आणि भरलेली सगळी हवा क्षणात जाते. ज्यांच्या व्हॉल्व्हचा गाभा सुटा होतो त्यांनी तो छोट्या पान्याने आधी घट्ट करून ठेवावा. स्वस्त पंपाचे हेड प्लास्टिकचे असते आणि त्याचा खटका तुटतो, मध्यम किमतीला धातूचा खटका मिळतो, आणि ही सुधारणा पैसे देण्यासारखी आहे. त्यापुढे हेडमध्ये फारसे काही सुधारत नाही.

मी स्वतः एकदा या बाबतीत पस्तावलो आहे. दुकानासाठी म्हणून मी एक परदेशी, चांगला जड, सगळा धातूचा पंप घेतला होता. त्या वेळी त्याला मोजलेली रक्कम मी घरी सांगितली नव्हती. दोन वर्षे तो सुरेख चालला. मग हेडमधील रबर फाटले. त्या कंपनीने रबराचा आकार असा वेगळा ठेवला होता की दुसरे कुठलेच बसेना. भारतातील वितरकाने तो सुटा भाग मागवावा लागेल असे सांगितले, आणि चार महिने माझा सर्वांत महाग पंप भिंतीला टेकून उभा राहिला, तर माझ्या मामांच्या काळातील लोखंडी पंप रोज तीस-चाळीस चाकांत हवा मारत राहिला. शेवटी मी ते हेड कापून टाकले आणि नळीला साधे, बाजारात मिळणारे हेड बसवले. तो पंप आजही माझ्याकडे आहे आणि उत्तम चालतो, पण मी मोजलेल्या पैशांतील मोठा वाटा ज्या हेडसाठी होता ते हेड भंगारात गेले.

वायसरची गोष्ट याहून रंजक आहे. दट्ट्याच्या टोकाला हवा अडवणारा जो भाग असतो तो जुन्या पंपात चामड्याचा, वाटीच्या आकाराचा असे, ज्याला आपल्याकडे बकेट म्हणतात. नव्या पंपांत त्याजागी बहुधा रबरी ओ-रिंग असते. ओ-रिंग स्वस्त आहे आणि नव्या नळकांड्यात छान बसते, पण नळकांडे आतून खरखरीत झाले की झिजते. चामड्याची वाटी दाबाने फुलून भिंतीला चिकटते, त्यामुळे झिजले तरी काम देते. जगातील अत्यंत महाग पंपांपैकी एक सिल्का या कंपनीचा आहे. ती १९१७ मध्ये मिलानला सुरू झाली आणि २०१३ पासून अमेरिकेत आहे. तिच्या काहीशे डॉलरच्या उत्कृष्ट पंपात आजही दट्ट्यावर चामड्याचीच वाटी असते. म्हणजे आपल्या वडिलांच्या माळ्यावरच्या पंपात आणि त्या पंपात मूळ कल्पना एकच आहे. फरक नळकांड्याच्या गुळगुळीतपणाचा, गेजचा आणि लाकडी मुठीचा. चामडे कोणतेही चालत नाही. ते वनस्पतिजन्य सालींनी कमावलेले असले तरच भिजवून साच्यात दाबल्यावर वाटीचा आकार धरते, आणि कोल्हापुरी चप्पल ज्या चामड्याची बनते ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून नेमके तसेच कमावलेले असते. मामा चपलांच्या कारागिराकडून पातळ तुकडा आणत, रात्रभर भिजवत, दोन लाकडी ठोकळ्यांत दाबून वाळवत आणि मग तेलात मुरवत. तसा वायसर मी अजूनही वर्षातून पाचसहा वेळा करतो. ओ-रिंगची तर चिंताच नाही. उद्यमनगरात हायड्रॉलिकचे साहित्य विकणाऱ्याकडे जुनी रिंग नेली की मापाची नवी रिंग काही रुपयांत मिळते, अट एवढीच की कंपनीने प्रमाणित माप वापरलेले असावे.

तेलाबद्दल एक सूचना इथेच देतो. लोक पंपात खोबरेल घालतात. ते २४ अंशांच्या आसपास थिजते, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी पंप जाम होण्याचे कारण अनेकदा तेच असते. इंजिन ऑइल त्याहून वाईट, कारण त्याची वाफ आणि थेंब ट्यूबमध्ये जातात आणि खनिज तेल ट्यूबच्या ब्यूटिल रबराचे शत्रू आहे. ओ-रिंग असेल तर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. चामड्याला अगदी थोडे पातळ तेल द्यावे आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पंप उघडून पुसावा. आपल्याकडील पावसात लोखंडी नळकांड्याला आतून गंज धरतो, आणि गंज हा वायसरसाठी कानसच आहे. ॲल्युमिनियमच्या नळकांड्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत ते यासाठी. प्लास्टिकचे नळकांडे गंजत नाही हे खरे, पण दाबलेली हवा तापते, सलग दोन-तीन टायर भरली की तळ हाताला चटका देतो, आणि प्लास्टिकचा तळ या उष्णतेने हळूहळू सैल होतो.

ट्यूबलेस टायर बसवण्यासाठी वेगळी हवेची टाकी असलेले पंप मिळतात. आधी टाकी भरायची आणि मग एकदम सोडायची, म्हणजे टायरची कड रिमवर झटक्यात बसते. ज्याला वर्षातून दोनदा टायर बदलायची आहे त्याने त्यासाठी पैसे न घालता ते काम दुकानात कॉम्प्रेसरवर करून घ्यावे. बॅटरीचे छोटे पंप सोयीचे आहेत आणि गाडीलाही चालतात, परंतु त्यांचा आवाज आणि बॅटरीचे आयुष्य पाहता घरात मुख्य पंप म्हणून मी ते सुचवत नाही. पेट्रोल पंपावर रोड बाईकची हवा भरू नका. तेथील यंत्रणा मोटारीच्या टायरसाठी आहे, आणि सव्वा लिटरचे टायर हात मागे घेण्याआधी फुटण्याइतके भरू शकते.

मग साडेआठ हजारांचा पंप कोणी घ्यावा? ज्याच्याकडे घरात चार-पाच सायकली आहेत, ज्याच्या क्लबमध्ये दर रविवारी पंधरा जण एकाच पंपावर अवलंबून असतात, किंवा ज्याला चांगले अवजार हाताळण्याचा मनापासून आनंद मिळतो. शेवटचे कारण मी हिणवून लिहिलेले नाही. रुंद, जड पायाचा पंप डुलत नाही, मोठ्या आकड्यांचे गेज वाकून न पाहता वाचता येते, आणि रोज सकाळी पाच वाजता हे सुख मोजण्यासारखे असते. पण आठवड्यातून एकदा दोन चाकांत हवा मारणाऱ्या माणसाला त्याच्यावाचून काही कमी पडत नाही.

आपण दुकानात गेलात तर अडीच-तीन हजारांतला, ॲल्युमिनियम किंवा पोलादी नळकांड्याचा, धातूच्या पायाचा, १६० पर्यंतच्या गेजचा पंप मागा आणि घेण्यापूर्वी पाच मिनिटे द्या. तो आपल्याच सायकलला लावून ७५ पर्यंत, रिम हुकलेस असेल तर तिच्या मर्यादेच्या आतच, भरा आणि हेड न काढता दांडा सोडून द्या. दांडा आपोआप वर येऊ लागला तर तळातील झडप हवा परत सोडते आहे. दांडा स्थिर पण काटा हळूहळू उतरतो आहे, तर हेड किंवा नळी गळते आहे. प्रेस्टा झडप बंद असल्याने ती गळती ट्यूबची नसते. यानंतर दुकानदाराला या पंपाचे हेडमधील रबर आणि दट्ट्याची रिंग आत्ताच, पंपासोबत, सुटी विकत द्या असे सांगा. त्याच्याकडे ती असेल तर पंप घ्या आणि दोन्ही वस्तू डब्यात घालून ठेवा. ती मिळत नसतील तर पंप कितीही देखणा असला तरी दुसरा पाहा.

वडिलांचा पंप मात्र भंगारात देऊ नका. पितळी अडॅप्टर लावला की त्याने प्रेस्टातही हवा जाते, हे मी करून पाहिले आहे. त्याला गेज नाही एवढीच उणीव, आणि हातगेज घेतले तर तीही उरत नाही. रंकाळ्याच्या फेरीहून परतताना तो घेऊन या. वायसर कडक झाला असेल तर चामड्याचा नवा करून देतो, फक्त ते भिजून वाळायला दोन दिवस द्यावे लागतील.